माप आधी, कात्री नंतर

२८ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट रनवे’ या फॅशन डिझायनरांच्या स्पर्धेच्या आठव्या पर्वाचा निकाल प्रसारित झाला. ग्रेचन जोन्स जिंकली, मोंडो गेरा हरला. त्याला आता दीड दशक उलटून गेलं, तरी त्या कार्यक्रमाचे जुने प्रेक्षक एकत्र आले की बोलणं फिरून फिरून त्या निकालावरच येतं. मीही त्यांच्यातलीच. हे पर्व मी बरंच मागाहून पाहिलं. निकाल आधीच ठाऊक होता, तरी शेवटच्या भागात ग्रेचनचं नाव पुकारलं गेलं आणि जीव खट्टू झाला.

असं काही बोललं की ठरलेलं उत्तर मिळतं. टीव्हीवरची स्पर्धा आहे, एवढं मनाला काय लावून घ्यायचं? कोण जिंकलं, कोण हरलं, आपल्याला काय फरक पडतो? हे उत्तर मला मान्य नाही. प्रेक्षकांच्या या निराशेत भाबडेपणा असतो, पक्षपात असतो, कधी कधी हरलेल्याविषयी नुसती माया असते, हे सगळं खरं. पण त्याखाली एक रास्त प्रश्न आहे आणि तो आपण हसण्यावारी नेतो. स्पर्धा कशाची आहे हे स्पर्धकाला आणि पाहणाऱ्याला आधी सांगितलं होतं का, हा तो प्रश्न. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे ते सांगितलेलं नव्हतं. ग्रेचनचं कलेक्शन, म्हणजे अंतिम फेरीसाठी तिने केलेला कपड्यांचा संच, वाईट होता असं मी म्हणणार नाही. निकाल ठरवून लावला होता असंही म्हणणार नाही, कारण तसा कुठलाही पुरावा माझ्याकडे नाही.

आधी झालं काय ते सांगते. त्या पर्वात १७ डिझायनर होते. न्यूयॉर्कच्या पार्सन्स या डिझाइन शाळेच्या कार्यशाळेत त्यांना दर भागात एक काम मिळायचं आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत पूर्ण कपडा उभा करून दाखवायचा असायचा. हे किती अवघड आहे, ते शिवणारं माणूसच जाणे. माझी आई तीस वर्षं शिवणक्लास चालवायची. साध्या अस्तराच्या ब्लाउजलाही ती गिऱ्हाइकाकडून आठवडा मागून घ्यायची, कारण बेतणं आणि कापणं तासाभराचं असलं तरी आतली शिलाई, हातशिलाईचे टाके, हुक-आय, काखेतली ओढ काढणं यात वेळ जातो, आणि घाई केली की कपडा अंगावर चढताच ते दिसतं. इथे तर मनात आकृती धरायची, दुकानात ठरलेल्या पैशांत आणि ठरलेल्या मिनिटांत कापड निवडायचं, ते पुतळ्यावर लावून पाहायचं, कापायचं, शिवायचं आणि दुसऱ्या दिवशी मॉडेलच्या अंगावर चढवून परीक्षकांसमोर उभं राहायचं. असं आठवड्यामागून आठवडे. म्हणून या कार्यक्रमाविषयी मला मनापासून आदर आहे. गाण्याच्या स्पर्धेत आवाज ऐकू येतो. इथे हात दिसतात. सुई-दोऱ्याच्या कामाला इतक्या लोकांपुढे अशी प्रतिष्ठा क्वचितच मिळाली असेल.

ग्रेचन आली ओरेगनमधल्या पोर्टलंडहून. सुरुवातीच्या दोन्ही फेऱ्या तिने जिंकल्या. हात स्वच्छ, डोकं स्थिर, आणि स्वतःच्या मतांविषयी तिला जराही शंका नव्हती. मोंडो कोलोरॅडोतल्या डेन्व्हरचा. पहिल्या काही भागांत तो कोपऱ्यात बसलेला, कुणाशी फारसं न बोलणारा असा दिसतो. मग हळूहळू त्याचं काम बोलायला लागलं. चौकड्यांवर पट्टे, पट्ट्यांवर ठिपके, एकमेकांशी भांडतील असे रंग त्याच्या हातात एकमेकांना सांभाळून घेत. आपल्याकडे हिरव्या जरीकाठाला जांभळं अंग आणि त्यावर खणाची लाल चोळी घालून बायका लग्नाला जात आल्या आहेत; त्या डोळ्यांना मोंडोचं काम मुळीच परकं वाटत नाही. निदान मला तरी वाटलं नाही.

दहाव्या भागात प्रत्येकाला स्वतःच्या आयुष्यातून एक छापाचं कापड तयार करायचं होतं. मोंडोने अधिकच्या चिन्हांचा छाप काढला आणि त्याची विजार शिवली. परीक्षकांनी विचारलं, या चिन्हामागची गोष्ट काय? त्याने आधी टाळलं. मग तिथेच, रनवेवर, म्हणजे मॉडेल कपडे घालून चालतात त्या मंचावर, उभ्या उभ्या, त्याने सांगितलं की दहा वर्षांपूर्वी आपण एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचं आपल्याला कळलं आणि ते अधिकचं चिन्ह तेच आहे. घरच्यांनाही त्याने हे सांगितलेलं नव्हतं. ती फेरी तो जिंकला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मोंडोची बाजू घेणाऱ्यांवर नेहमी हा आरोप होतो की तुम्ही माणसाच्या दुःखाला मत देता, कपड्याला नाही. माझ्यापुरतं सांगते. ती गोष्ट परीक्षकांना कळायच्या आधीच ती विजार रनवेवरून चालून गेली होती, आणि छाप म्हणून ती त्या दिवशीची सर्वांत सुंदर गोष्ट होती. चिन्हांचा आकार, त्यांच्यातलं अंतर, मागची जमीन, सगळं जमून आलं होतं. आजाराची गोष्ट नसती तरी ती फेरी त्याचीच होती. कुणी आजारी आहे म्हणून त्याला बक्षीस द्यावं, असं मी कधीही म्हणणार नाही. तो त्याच्या हातांचा अपमान होईल.

आता अंतिम फेरी. न्यूयॉर्क फॅशन वीक त्या सप्टेंबरात पहिल्यांदाच ब्रायंट पार्क सोडून लिंकन सेंटरला गेला होता. तिथे ग्रेचन, मोंडो आणि हवाईचा अँडी साउथ या तिघांनी आपापली कलेक्शन्स दाखवली. ग्रेचनचे कपडे मातीच्या रंगांचे, सैल, लांब, अंगावर सहज पडणारे. मोंडोचे कपडे त्याच्या मेक्सिकन वारशातून आलेले, सर्कस आणि मेक्सिकोतल्या मृतांच्या सणाच्या रंगांत न्हालेले. परीक्षक चार: सूत्रसंचालिका हायडी क्लूम, डिझायनर मायकल कॉर्स, ‘मारी क्लेअर’ मासिकाच्या फॅशन विभागाच्या प्रमुख नीना गार्सिया आणि पाहुणी परीक्षक म्हणून गायिका जेसिका सिम्पसन. हायडी आणि जेसिका मोंडोच्या बाजूने, कॉर्स आणि गार्सिया ग्रेचनच्या. दोन विरुद्ध दोन. बराच वाद झाला आणि तो प्रेक्षकांनी पाहिला. अखेर ग्रेचन जिंकली.

तो वाद मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. कॉर्स आणि गार्सिया यांचं म्हणणं असं की फॅशन ज्या दिशेला चालली आहे ती ग्रेचनने ओळखली, तिचे कपडे आजचे आहेत, बाई ते उद्या विकत घेऊन अंगावर घालेल; मोंडोचं काम नाटकाच्या वेशभूषेकडे झुकतं. हायडीचं म्हणणं, मला मोंडोचा ठिपक्यांचा ड्रेस घालायचा आहे, हा माणूस काही नवं सांगतो आहे. दोन्ही बाजू आपापल्या जागी समंजस आहेत. चौघांपैकी कुणीही खोटं बोलत नव्हतं. पण नीट ऐकलं की लक्षात येतं, दोन पक्ष दोन वेगवेगळ्या स्पर्धांचे निकाल देत होते. एका पक्षासाठी स्पर्धा होती ‘पुढच्या हंगामात काय विकलं जाईल’ याची. दुसऱ्यासाठी होती ‘नव्या नजरेचा डिझायनर कोण’ याची. या दोन्ही स्पर्धा घ्यायला हरकत नाही. पण आपण यांतली कोणती खेळतो आहोत, हे चौदा भागांत एकदाही ठामपणे सांगितलं गेलं नाही, आणि ते ठरलं ते शेवटच्या तासात, कपडे शिवून झाल्यावर.

शिवणकामात पहिला नियम हा की माप आधी घ्यायचं आणि कात्री नंतर चालवायची. आईच्या क्लासमध्ये नवी मुलगी उत्साहाच्या भरात कापड पसरून बसली की आई तिच्या हातातून कात्री काढून घ्यायची. छाती, कंबर, उंची, मुंढा, गळ्याची खोली, आधी कागदावर; मग कापडावर खडू. कपडा शिवून झाल्यावर टेप लावून ‘अगं, हे तर छत्तीसला हवं होतं’ असं म्हणण्यात काही अर्थ नसतो. मोंडोच्या बाबतीत तेच झालं, आणि मला वाटतं ग्रेचनच्या बाबतीतही. तिला जिंकवणाऱ्यांनी तिच्या जिंकण्याचं कारण आधी जाहीर केलेलं नव्हतं, म्हणून लोकांनी तिचं जिंकणं कधी मानलंच नाही.

यावर एक चांगलं प्रत्युत्तर आहे आणि ते मी टाळणार नाही. परीक्षक कपडा जवळून पाहतात. त्यांना कापडाचा हात कळतो, आतली शिलाई दिसते, चेन कुठे ओढली गेली आहे ते दिसतं. आपल्याला पडद्यावर काही सेकंद दिसतात, तेही संगीत लावून. परीक्षकांची चर्चा तासन्‌तास चालते आणि आपल्यापर्यंत त्यातली काही मिनिटं येतात. मग ज्यांनी कपड्याला हातही लावला नाही त्यांनी तज्ज्ञांच्या निकालावर का रागवावं? या म्हणण्यात तथ्य आहे. मी स्वतः शिवते, म्हणून मला माहीत आहे की फोटोत देखणा दिसणारा कपडा उलटा केला की कधी कधी रडू येतं. निकाल प्रेक्षकांच्या मतांवर सोपवा, असं म्हणूनच मी कधीच म्हणणार नाही. २००५ साली ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात अभिजीत सावंत जिंकला, तेव्हा महाराष्ट्रात किती फोन फिरले आणि किती एसएमएस गेले ते ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल. त्याच्या गाण्याविषयी मला आदरच आहे, पण मतं मोजून शिवणीचा दर्जा ठरणार नाही. शिवण पाहायला शिवण कळणारा डोळाच लागतो.

पण त्या रात्री परीक्षकांमधला वाद शिवणीचा नव्हताच. आतली शिलाई कुणाची कच्ची, यावर मतभेद झाले नाहीत. मतभेद झाले ते अभिरुचीवर आणि बाजारावर. तिथे ‘आम्ही कपड्याला हात लावला आहे’ ही तज्ज्ञाची ढाल कामाला येत नाही. ‘हे वेशभूषेसारखं वाटतं’ हा शेरा मला आजही खटकतो, तो याचसाठी. मातीचे रंग, मोकळी घडण आणि कमी बोलणारा कपडा म्हणजे सुसंस्कृत, आणि रंगांची गर्दी म्हणजे सोंग, हे मोजमाप आकाशातून पडलेलं नाही. ते एका विशिष्ट शहराच्या, एका विशिष्ट वर्गाच्या कपाटातून आलं आहे. ज्या मुलाच्या वारशात मृतांच्या सणाची रंगीत कागदाची तोरणं आणि साखरेच्या कवट्या होत्या, त्याच्या रंगांना वेशभूषा म्हणायचं आणि न्यूयॉर्कच्या हंगामी फिकेपणाला फॅशन म्हणायचं, हा निवाडा आहे आणि तो निवाडा म्हणूनच मांडायला हवा होता, वस्तुस्थिती म्हणून नव्हे.

आणखी एक धागा आहे. त्या पर्वाच्या बक्षिसात एक लाख डॉलर होते, आणि ‘मारी क्लेअर’ मासिकात विजेत्याच्या कपड्यांची छायाचित्रं छापून येणार होती. त्याच मासिकाच्या फॅशन विभागाच्या प्रमुख परीक्षकांच्या खुर्चीत होत्या. यात लपवाछपवी काही नव्हती. सगळं उघड होतं. नीना गार्सिया यांच्या जाणकारीविषयीही मला शंका नाही. पण आपल्या मासिकाच्या पानांवर काय शोभेल, हा संपादकाचा प्रश्न. आणि उत्तम डिझायनर कोण, हा परीक्षकाचा. एकाच माणसाला दोन्ही प्रश्न सोडवायला बसवलं की कुठल्या प्रश्नाचं उत्तर कुठे गेलं ते त्यालाही सांगता येणार नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या पर्वांत शेवटी झरझर वर सरकणाऱ्या अक्षरांत हेही सांगितलेलं असे की बाद करण्याचे निर्णय परीक्षक निर्माते आणि वाहिनी यांच्याशी विचारविनिमय करून घेतात. किती जणांनी ते वाचलं असेल? जी गोष्ट पहिल्या भागात मोठ्या आवाजात सांगायची, ती कुणाच्याही नजरेत येणार नाही अशा ठिकाणी ठेवली होती.

अमेरिकेला हा विषय नवा नाही, हे मुद्दाम सांगते. १९५०च्या दशकात तिथे प्रश्नमंजूषांचे कार्यक्रम प्रचंड लोकप्रिय होते. ‘ट्वेंटी-वन’ या कार्यक्रमात चार्ल्स व्हॅन डोरेन नावाचा कोलंबिया विद्यापीठातला तरुण अध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकत गेला आणि घराघरांत पोचला. मग कळलं की त्याला उत्तरं आधी दिली जात होती. १९५९ साली त्याने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे ते कबूल केलं. लोक हळहळले, संतापले, आणि त्या संतापाला कुणी भाबडं म्हटलं नाही. १९६०मध्ये कायदा बदलला आणि ज्ञानाच्या, बौद्धिक कौशल्याच्या किंवा नशिबाच्या स्पर्धेत प्रेक्षकांना फसवण्यासाठी हेराफेरी करणं गुन्हा ठरलं. बेतण्या-शिवण्याचं कौशल्य त्या शब्दांत बसतं की नाही, हे वकिलांनी ठरवावं. पुन्हा सांगते, मोंडोच्या निकालात हेराफेरी झाली असं माझं म्हणणं नाही. मला त्या इतिहासातून एकच गोष्ट घ्यायची आहे: स्पर्धा म्हणून दाखवलेली गोष्ट खरोखर स्पर्धा असावी, ही प्रेक्षकाची अपेक्षा एका देशाने कायद्यात लिहिण्याइतकी गंभीर मानली होती.

बाहेरच्या प्रेक्षकालाच असं वाटतं, असंही नाही. टिम गन हे तेव्हा या कार्यक्रमाचे मार्गदर्शक होते. कार्यशाळेत स्पर्धकांच्या टेबलाशी उभं राहून काम पाहणारे तेच, पण निकालात त्यांना मत नव्हतं. चौदाव्या पर्वात अ‍ॅश्ली नेल टिप्टन हिने मोठ्या मापांच्या कपड्यांचं कलेक्शन करून स्पर्धा जिंकली. त्यानंतर २०१६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहिलेल्या लेखात गन यांनी अमेरिकी डिझायनर जाड बायकांसाठी कपडे करत नाहीत म्हणून त्यांना धारेवर धरलं, आणि त्याच लेखात टिप्टनचं जिंकणं हे वरवरचं प्रतीक होतं, कपडे काही चांगले नव्हते, असंही लिहिलं. त्यांच्या मताशी मी सहमत आहेच असं नाही. जिंकलेल्या मुलीविषयी इतकं कठोर लिहायला नको होतं असं मला वाटतं. पण बघा, आठव्या पर्वात तक्रार अशी की बाजाराला नव्या नजरेपेक्षा वरचं स्थान दिलं. चौदाव्यात तक्रार अशी की हेतूला कपड्यापेक्षा वरचं स्थान दिलं. त्याआधी नवव्या पर्वात, २०११ साली, त्रिनिदादची अन्या अयंग-ची जिंकली तेव्हा कुरबूर अशी की ती तर शिवायला स्पर्धेच्या जेमतेम चार महिने आधी शिकली. मग ही स्पर्धा शिवणाऱ्याची की कल्पना करणाऱ्याची? दर वेळी लोक वेगळ्या कारणाने नाराज झाले, आणि दर वेळी कारणाच्या मुळाशी तेच होतं. टेपवर आकडेच नव्हते.

याच्या उलट उदाहरण मला २०२०मध्ये सापडलं. टाळेबंदीचे दिवस होते, सगळे घरात. हायडी क्लूम आणि टिम गन यांनी ‘मेकिंग द कट’ ही नवी स्पर्धा आणली होती. बक्षीस दहा लाख डॉलर. अंतिम फेरीत लॉस एंजेलिसचा जॉनी कोटा आणि बर्लिनची एस्थर पर्बांट. एस्थरचं काम काळ्या रंगातलं, ठाम, एकदा पाहिलं की विसरता येणार नाही असं. परीक्षकांपैकी मॉडेल नाओमी कॅम्पबेल तिच्या बाजूने होती. जिंकला जॉनी. मला वाईट वाटलं का? हो, खूप. एस्थर माझी आवडती होती. पण त्या वाईट वाटण्यात कडवटपणा नव्हता, कारण पहिल्या भागापासून सांगितलं होतं की आम्ही जगभर विकला जाणारा ब्रँड शोधतो आहोत. दर भागातल्या विजेत्याचा कपडा अ‍ॅमेझॉनवर लगेच विक्रीला जात होता. शेवटी कपड्यांबरोबर धंद्याचा आराखडाही मांडायचा होता. जॉनीने तो मांडला, परीक्षकांचं ऐकून आपल्या ब्रँडचं नावसुद्धा बदललं. एस्थर आपल्या काळ्या रंगावर ठाम राहिली. दोघांनाही नियम माहीत होते आणि दोघांनी आपापली निवड केली. माझी आवडती हरली, पण ती कशात हरली हे मला कळलं.

आपल्याकडेही याची ओळख आहे. २०२२मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या दर्जाची नाही असं सांगून करंडक कुणालाच दिला नाही. केवढा गदारोळ झाला. महाविद्यालयीन मुलं महिनोन्‌महिने तालमी करतात, त्यांच्या वाट्याला हे का, असं पुष्कळांनी विचारलं; दर्जाशी तडजोड नको म्हणून परीक्षकांची पाठराखण करणारेही होते. मला तेव्हा मुलांचं दुःख जवळचं वाटलं आणि आजही वाटतं. तरी एक फरक होता. परीक्षकांनी आपली भूमिका उघड मांडली आणि तिच्यावर उघड भांडता आलं. भांडायला समोर काहीतरी होतं.

‘निकालाने काय होतं, गुणी माणूस पुढे जातोच’ असंही म्हणतात. त्याच आठव्या पर्वात आधी बाद झालेल्या मायकल कॉस्टेलोचा पांढऱ्या लेसचा गाऊन २०१४च्या ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात गायिका बियॉन्सेने घातला. खुद्द मोंडो २०१२मध्ये ‘प्रोजेक्ट रनवे ऑल स्टार्स’ या जुन्या स्पर्धकांच्या स्पर्धेचं पहिलं पर्व जिंकला, आणि त्या रात्री कित्येक घरांत जुनं देणं फिटल्यासारखा आनंद झाला असेल. मलाही झाला. पण एका स्पर्धेतली चूक दुसऱ्या स्पर्धेने दुरुस्त होत नाही. स्वतःचा छोटा ब्रँड उभा करू पाहणाऱ्या माणसाला एक लाख डॉलर म्हणजे कापडाचे गठ्ठे, दोन कारागीर, वर्षाचं भाडं. ते पैसे कुणाला मिळाले आणि कशासाठी मिळाले, हा फुटकळ प्रश्न नाही. पहिल्या पर्वाचा विजेता जे मॅकॅरोल याने तर ती रक्कम नाकारली, कारण त्याबरोबरच्या करारात त्याच्या पुढच्या कमाईतला दहा टक्के वाटा निर्मात्यांना देण्याचं कलम होतं. बक्षिसाच्या कागदावर काय लिहिलं आहे याला किती किंमत असते, ते त्याने पहिल्याच वर्षी दाखवून दिलं होतं.

बदल करणं अशक्य नाही, हेही या कार्यक्रमानेच दाखवलं. २०१३च्या बाराव्या पर्वात कपडे निनावी दाखवले जाऊ लागले. कुठला कपडा कुणाचा हे गुण देऊन होईपर्यंत परीक्षकांना सांगितलं जात नसे. त्याच पर्वात टिम गन यांना बाद झालेल्या एका स्पर्धकाला वाचवण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे आपल्या पद्धतीत उणीव आहे हे निर्मात्यांनाही जाणवलं होतं. मग आणखी एक पाऊल पुढे का जाऊ नये? अंतिम फेरीत मागच्या बारा-तेरा भागांतल्या कामाला वजन असेल की नसेल, एवढं तरी पहिल्या दिवशी सांगावं. एरवी कधी परीक्षक ‘याने आजवर चांगलं काम केलं आहे’ म्हणून एखाद्याला ठेवतात, तर कधी ‘आम्ही फक्त आजचा कपडा पाहतो’ म्हणून दुसऱ्याला घरी पाठवतात. नवेपणा, शिवण, अंगावर बसणं, विक्री यांतलं काय किती मोलाचं हे सांगावं. परीक्षकांचं दोन-दोन झालं तर कौल कुणाचा, हे सांगावं. निर्मात्यांशी कधी आणि कशावर बोलणं होतं, तेही. यातून कार्यक्रमाची उत्कंठा कमी होईल असं मला वाटत नाही. क्रिकेटमध्ये पायचीतचा नियम सगळ्यांना माहीत असतो, तरी शेवटच्या षटकात लोक श्वास रोखून बसतातच.

आणि प्रेक्षक म्हणून आपल्या वाट्यालाही काही येतं. त्या निकालानंतर ग्रेचनवर लोकांनी जे तोंडसुख घेतलं ते लाजिरवाणं होतं. पाचव्या भागातल्या सांघिक फेरीत ती सहकाऱ्यांवर दडपण आणते असं टिम गन यांनी सर्वांसमोर बोलून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून ती अनेकांच्या लेखी गोष्टीतली खलनायिका झाली. पण ती स्पर्धक होती. तिने कुणाचं काही चोरलं नाही; जे शिवायचं ते शिवलं. शेकडो तासांच्या चित्रणातून कापून काढलेल्या तुकड्यांवरून आपण तिचा स्वभाव ठरवला आणि तिच्या कपड्यांकडे नीट पाहिलंच नाही. मी अलीकडे तिचं कलेक्शन पुन्हा पाहिलं, या खेपेला आवाज बंद करून. त्यातले दोन-तीन कपडे फार चांगले आहेत. लांब, मोकळे, चालताना हवा धरणारे. मोंडोचं कलेक्शन मला आजही उजवं वाटतं. पण २०१०च्या त्या रात्री राग ज्यांच्यावर निघायला हवा होता, ते तिच्यासमोरच्या खुर्च्यांत बसले होते.

माझी भाची पुण्यात फॅशन डिझाइन शिकते. दर सत्राअखेर तिची जुरी असते. बाहेरचे तज्ज्ञ येतात, कपडे टांगलेले असतात, मुलं एकेक करून आपलं काम मांडतात. गेल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिच्या वहीत घडी घालून ठेवलेला एक कागद होता. कल्पना, कापडाची निवड, बेतणं, शिवण, सफाई, मांडणी, आणि प्रत्येकापुढे गुण. सत्राच्या पहिल्या आठवड्यात मुलांना तो देतात. मी तिला विचारलं, कधी निकाल पटला नाही असं झालं का? म्हणाली, “पुष्कळदा, मावशी. गेल्या वेळी सफाईत मला दहापैकी चारच दिले. मी दोन दिवस बोलले नाही कुणाशी.” मग तिने पिशवीतून तो ड्रेस काढला, उलटा केला, आणि बगलेखालची शिवण बोटाने मला दाखवली. दुमड सरळ नव्हती. “हे बघ,” ती म्हणाली, “इथे गेले.”